गाडी घरी ठेवून कोकणात: पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

स्वतःच्या गाडीशिवाय कोकण फिरता येतं का, असं दर डिसेंबरात मला कुणी ना कुणी विचारतंच. येतं. फक्त गाडीने फिरतात तसं येत नाही. दोन दिवसांत दिवेआगर, हरिहरेश्वर, आंजर्ले आणि येता येता रायगड असा बेत आखलात तर एसटी तुम्हाला रडवणार. एक गाव आणि तीन रात्री, एवढं ठरवलंत की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं तपशिलाचं आहे, ते सांगते.

उदाहरणाला वेळास घेऊ. रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात हे गाव आहे. उत्तरेला सावित्रीची खाडी, पलीकडे रायगड जिल्हा. नाना फडणविसांचं हे मूळ गाव, पण हल्ली लोक तिथे जातात ते कासवांसाठी. रेल्वे, एसटी आणि फेरीबोट अशी तिन्ही वाहनं एकाच प्रवासात लागतात, म्हणून शिकायला ही वाट बरी.

आधी थोडा हिशेब

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मुंबईहून वेळास जाऊन-येऊन आणि तिथे थोडं इकडेतिकडे करून 500 किलोमीटर धरा. लिटरला 15 चा ॲव्हरेज धरला तर 33 लिटर पेट्रोल, म्हणजे पाऊणशे किलोच्या वर धूर. गाडीत चार माणसं असतील तर तो चौघांत वाटला जातो, हेही खरं. दोघंच असाल तर वाटणी जड पडते. एसटीही डिझेलच जाळते, पण तुम्ही चढा किंवा चढू नका, ती त्या गावी जाणारच असते. कोकण रेल्वे 2022 पासून पूर्ण विजेवर चालते. वीज बहुतेक कोळशाची आहे, तेव्हा रेल्वे म्हणजे शुद्ध गंगाजल असं मी म्हणणार नाही, तरी माणशी हिशेब गाडीपेक्षा पुष्कळ हलका बसतो.

उलट बांबूची खोली, शेणाने सारवलेलं अंगण, 'इको' पाटी, आणि दारात एकेका माणसाने आणलेल्या डझनभर गाड्या, हा प्रकार मला कधी कळला नाही.

गाव ठरवा, मग फोन करा

राहायची सोय घरगुती बघा. वेळासला बऱ्याच घरांत पाहुण्यांची व्यवस्था होते. फोनवर तीन गोष्टी विचाराच. जेवणात काय असतं (बऱ्याच घरी शाकाहारीच असतं, मासे हवे असतील तर आधीच कळलेलं बरं). संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता येते. आणि पाण्याची परिस्थिती कशी आहे. तिसरा प्रश्न शहरातल्या माणसाला सुचत नाही. कोकणात पाऊस तीन-तीन हजार मिलिमीटर पडतो, पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. एप्रिल-मे आला की विहिरींचा तळ दिसतो, कित्येक वाड्यांना टँकर लागतो. तेव्हा आंघोळीला एक बादली. शॉवर असला तरी बादलीच.

जेवणाऱ्यांचा नेमका आकडा आधी सांगा आणि तो पाळा. एकदा आमच्यातल्या दोघी ऐन वेळी गळाल्या, आणि आम्ही कळवायचं विसरलो. काकूंनी सहा जणींचे उकडीचे मोदक करून ठेवले होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री आम्हा चौघींना ते मोदक कसे संपवावे लागले ते आम्हालाच ठाऊक.

एसटीची भाषा

इथे जरा रेंगाळते, कारण नवखी माणसं अडतात ती इथेच.

इंटरनेटवर सापडणाऱ्या एसटीच्या वेळांवर विसंबू नका. मुख्य मार्गांच्या वेळा बहुतेक बरोबर असतात, गावच्या गाड्यांच्या नसतात. त्या गावाच्या डेपोत फोन लावा, वेळाससाठी मंडणगड डेपो, आणि यजमानांनाही विचारा. दोघांचं उत्तर जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर यजमानांचं खरं, कारण गाडी त्यांच्या दारावरून जाते. स्टँडवर पोचलात की पाटीपेक्षा कंट्रोलरच्या खिडकीवर जा. "वेळास" एवढंच विचारू नका, "वेळासला जायला आता पहिली गाडी कुठली, आणि ती चुकली तर पुढची कुठून?" असं विचारा. थेट गाडी नसेल तर अमुक फाट्यावर उतरा आणि तमुक गाडी धरा, हे ज्ञान त्या खिडकीतच मिळतं.

गावात जाणाऱ्या कितीतरी फेऱ्या शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात. सकाळी पोरांना घेऊन यायचं, संध्याकाळी सोडायचं. म्हणजे रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यातल्या काही धावतच नाहीत. आणि पर्यटक नेमके तेव्हाच येतात! फोनवर बोलताना वार आणि तारीख सांगूनच विचारा.

मग वस्तीची गाडी. संध्याकाळी उशिरा गावात येते, चालक-वाहक तिथेच मुक्काम करतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. पर्यटकांच्या हिशेबात ही गाडी कधी नसते, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची तीच. दापोली तालुक्यातल्या एका गावात मी तिची वाट बघत पहाटे पाच वाजता पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून आले. बस देवळासमोर अंधारात उभी. चालक खांद्यावर टॉवेल टाकून विहिरीवर तोंड धूत होता, वाहक मागच्या सीटवरची वळकटी गुंडाळत होता. मला बघून म्हणाला, "बसा ताई, चहा येतोय." समोरच्या घरातून किटली आली, मलाही अर्धा कप मिळाला. मग चालकाने दोनदा लांबलचक हॉर्न दिला आणि कुठल्या कुठल्या वाड्यांमधून बॅटऱ्या हलत खाली येऊ लागल्या.

तिकिटाचं म्हणाल, तर 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे आणि 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना 2022 पासूनच राज्यभर फुकट. वयाचा पुरावा जवळ हवा. माझ्या आईला पहिल्यांदा शून्य रुपयांचं तिकीट मिळालं ते तिने घडी करून पाकिटात ठेवलंय, अजून आहे. एकच गाव न करता डेपो-डेपो भटकायचं असेल तर 4 किंवा 7 दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास मिळतो. सुट्टे पैसे मात्र न्या. मोबाईलवरून पैसे देता येतात, पण घाटात रेंज गेली की वाहक तुमच्याकडे आणि तुम्ही मोबाईलकडे बघत बसता.

पिशवीत काय

सामान मांडीवर मावेल एवढंच. साध्या एसटीतली वरची फळी अरुंद असते, चाकाची बॅग तिथे बसत नाही, आणि मधल्या वाटेत ठेवलीत तर मासळीची टोपली घेऊन चढणारी बाई तुम्हाला ऐकवणार. ते तिचं रास्तच आहे.

दोन जोड कपडे, एक अंगावर. टॉवेलऐवजी पंचा: तासाभरात वाळतो, उन्हात डोक्याला होतो, रात्री पांघरायलाही. एक स्टीलचा डबा, एक स्टीलचा पेला, पाण्याची धातूची बाटली. आमच्याकडे माळ्यावर आजीचा फिरकीचा तांब्या होता, झाकण फिरवून बंद करायचा. तो मी दोन-तीनदा नेला. छान दिसतो, पण जड आहे आणि फिरकी सैल झाली की थेंब थेंब गळतो, तेव्हा हौस असेल तरच न्या. बॅटरी हवीच, गावात रस्त्यावर दिवे जेमतेम असतात. कापडी पिशव्या दोन, आणि एक जाडसर रिकामी पिशवी कचऱ्यासाठी. तिच्याबद्दल पुढे सांगते.

पेला कशाला, असं वाटेल. टपरीवरचे कागदी कप कागदाचे दिसतात, पण आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळला असता. ते कुजत नाहीत. दिवसाला चार चहा म्हणजे तीन दिवसांत बारा कप. वाटेतल्या माणगाव स्टँडवर पेला पुढे केला तेव्हा चहावाल्याने आधी तो उलटा करून बघितला आणि मग कपाने मोजून दोन कप ओतले. म्हणाला, "हा मोठा आहे, दोनचे पैसे पडतील." पडू देत.

खायला दशम्या. ज्वारीचं नाहीतर कणकेचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, चवीला गूळ किंवा मीठ, आणि मंद आचेवर भाजायच्या. दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, गुळपापडीच्या चार वड्या. रेल्वेतला प्लॅस्टिकच्या ताटलीतला पुलाव यापुढे नको वाटतो. केळी घ्या, संत्री नकोत. दोन्हींची सालं परतच न्यायची, पण संत्र्याची सालं पिशवीत दिवसभर वास मारतात.

पाण्याच्या विकतच्या बाटल्या टाळायच्या तर पोटाची काळजीही घ्यायला हवी. घरगुती मुक्कामी उकळलेलं पाणी मागा, रात्री सांगून ठेवलं की सकाळी गार झालेलं भरून मिळतं. वाटेसाठी क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी जवळ ठेवा. गोळी टाकल्यावर पाकिटावर लिहिलंय तितका वेळ थांबा, लगेच पिऊ नका.

वाट

ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनाहून सकाळी सावंतवाडीला जाणारी गाडी माणगावला थांबते. ती सगळीकडे थांबत जाते आणि जनरलच्या डब्यांत गर्दी असते, तेव्हा लवकर जाऊन बसा. आरक्षण हवं तर इतर गाड्या बघा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, आणि गणपती, होळी, मे या तीन वेळी ते उघडतं म्हणजे पाच मिनिटांत संपतंच. हे तीन हंगाम सोडूनच जा असा माझा सल्ला आहे. तेव्हा गाड्या चाकरमान्यांच्या असतात, त्यांना घरी जाऊ द्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालवतात. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जाणार असाल तर वेळ पुन्हा तपासा.

माणगावहून एसटीने म्हसळामार्गे श्रीवर्धन, दीड-दोन तास. तिथून हरिहरेश्वर-बागमांडला बाजूची गाडी. वेळ जुळत नसेल तर सहाआसनी रिक्षा किंवा वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी जीप, मिळतं. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरल्यावरही थोडं भरतं. 'भरलं' म्हणजे किती, हे तुम्ही नाही, चालक ठरवतो.

बागमांडल्याच्या जेट्टीवरून पलीकडे वेश्वी. बोट मोठी असते, तिच्यावर गाड्याही चढतात, पण पायी चढणाऱ्यांना थांबावं लागत नाही. रांगेत उभ्या गाड्यांच्या कडेने तुम्ही चालत पुढे जाता, आणि गाडी नसल्याचं सुख तेव्हा कळतं. तिकीट किरकोळ. वरच्या बाजूला उभं राहिलं तर उजव्या हाताला खाडीचं तोंड आणि पलीकडच्या टेकडीवर बाणकोटचा किल्ला दिसतो. हिम्मतगड त्याचं जुनं नाव, इंग्रजांनी घेतल्यावर फोर्ट व्हिक्टोरिया केलं.

आता चूक सांगते. पहिल्या खेपेला मी बोटीची वेळ विचारली, पण पलीकडच्या एसटीची नाही. वेश्वीला उतरले तर गाडी गेलेली, रिक्षा नाही, साडेपाच वाजलेले. सामान हलकं होतं म्हणून चालत सुटले. बाणकोटच्या अलीकडे बर्फाचे रिकामे खोके नेणाऱ्या टेंपोवाल्याने हाक मारली, "खय चाललास?" आणि वेळासच्या तिठ्यावर सोडलं. दोन दिवस बॅगेला मासळीचा वास होता. तुम्ही यजमानांना आधीच सांगून ठेवा, गावातला रिक्षावाला फोनवर येतो. बोटीत बसायच्या आधी फोन करा, मधे रेंज जाते.

गावात

पहिल्या दिवशी काही बघायला जाऊ नका. पडवीत बसा. गावाचं घड्याळ कळायला एक संध्याकाळ लागते: गाई कधी परततात, दूध कधी येतं, दिवे कधी जातात. दुसऱ्या दिवशी पायी फिरा. पाखाड्या, गडगे (दगड रचलेली कुंपणं), मधले पऱ्ये (ओढे), सगळं पायीच दिसतं. बागेत शिरायचं असेल तर विचारून शिरा. आंबा-काजूची बाग म्हणजे कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न असतं, पडलेला आंबाही मालकाचाच.

वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाल तर कातळावरच्या मळलेल्या वाटेनेच चाला. पावसात तिथे मातीचा जेमतेम बोटभर थर असतो आणि सगळी फुलं त्यातच उगवतात. फोटोसाठी मधे झोपणाऱ्यांना मी दोनदा उठवलंय, एकदा शिव्याही खाल्ल्यात.

मासे खाणार असाल तर जून-जुलैत हट्ट करू नका. त्या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांचा तो विणीचा काळ. तेव्हा ताटात सुरमई आली तर ती बर्फातली, दुरून आलेली. त्यापेक्षा सुकट मागा, कुळथाची पिठी मागा. पावसाळ्यात गरम पिठी-भातावर तूप घातलं की सुरमईची आठवण येत नाही (निदान मला).

नेण्यासाठी काही घ्यायचं तर आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी घरातूनच घ्या, आणि डबा पुढे करा. काकू आधी प्लॅस्टिकची पिशवीच शोधतील, कारण शहरातल्यांना तीच लागते असा त्यांचा समज आपणच करून दिलाय.

कासवं

ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, तेव्हा बघायला जायचं तर फेब्रुवारी ते एप्रिल. पूर्वी ही अंडी माणसं नेत आणि कोल्हे-कुत्री उकरत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये वेळासला गावकऱ्यांना सोबत घेऊन संवर्धन सुरू केलं. आता अंडी कुंपणातल्या खड्ड्यांत हलवतात, वर टोपली उपडी ठेवतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून बघतात. असतील तर पिल्लं पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात, म्हणजे ती आपल्या पायांनी समुद्रात जातात.

टोपलीखाली काही नसेल तर नसेल. चार वेळा जाऊन मला दोनदाच दिसली, एकदा सात आणि एकदा एकच. कार्यकर्त्याला "अजून एक उचला ना" म्हणणारे लोक असतात, तसं करू नका.

दोरीच्या मागे उभं राहायचं. मोबाईलचा फ्लॅश आणि बॅटरी बंद, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. पहाटे त्यांच्यासाठी तो उजेड समुद्रावरच्या आभाळाचा असायला हवा, तुमच्या मोबाईलचा नव्हे. ओल्या वाळूत मागे सरकताना खाली बघा, एखादं चुकलेलं पायाशी असतं. हातात घ्यायचं नाही. आणि किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. चाकाखाली घरटं असू शकतं, खेकड्यांची बिळं असतात, आणि भरती आली की गाडीही रुतते. मग गावातली पोरं ट्रॅक्टर आणतात आणि चांगले पैसे घेतात, ते योग्यच आहे.

कचऱ्याची पिशवी

गावात घंटागाडी नसते. तुम्ही 'कचरापेटीत' टाकलेलं वेफर्सचं पाकीट दुसऱ्या दिवशी परसात जळतं, नाहीतर पऱ्यातून पावसाळ्यात समुद्रात जातं. म्हणून ती जाडसर पिशवी. बिस्किटांचे कागद, औषधांच्या पट्ट्या, शाम्पूच्या पुड्या, सॅनिटरी पॅड गुंडाळून, सगळं त्यात, आणि ती पिशवी घरापर्यंत. माणगावच्या किंवा खेडच्या स्टेशनावर टाकू नका, तिथलीही परिस्थिती फार वेगळी नाही. शाम्पूच्या पुड्यांऐवजी छोट्या डबीत शिकेकाई किंवा साबणाचा तुकडा नेला तर पिशवी निम्मी राहते. पऱ्यावर साबण लावून आंघोळ करू नका. पाणी भरून पाऊणशे पावलं दूर घ्या, साबणाचं पाणी मातीत जिरू द्या.

तीन दिवसांनी घरी येऊन मी ती पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते. पहिल्या वर्षी साडेचारशे ग्रॅम भरली होती. गेल्या खेपेला एकशे वीस, त्यात निम्म्या आईच्या गोळ्यांच्या पट्ट्या.

आई बरोबर असते तेव्हा वेश्वीहून पुढे मी सरळ रिक्षा सांगते, आणि गुडघे फारच बोलत असतील त्या वर्षी शेजाऱ्यांबरोबर त्यांच्या गाडीतून पाच जण मिळून जातो. त्याचं मला काही वाटत नाही.

परतीला उलट वाट धरू नका. वेळासहून एसटीने मंडणगड, तिथून मुंबई-पुण्याच्या गाड्या मिळतात किंवा खेड स्टेशन गाठता येतं. मंडणगड स्टँडवर तासभर हाताशी ठेवा. आणि वेळासहून निघताना पहाटेची गाडी असेल तर रात्रीच यजमानांचा हिशेब चुकता करा, पेला-डबा घासून भरून ठेवा. पाच वाजता अंधारात चष्मा सापडत नाही, आणि वाहक फक्त दोनच हॉर्न थांबतो.